सेव्ह गायब, पार्टी गायब: जुन्या धाटणीच्या आरपीजीत सेव्ह सापडत नसेल किंवा लोड होत नसेल तर काय तपासायचं

चार किंवा सहा जणांची पार्टी घेऊन भुयारात उतरायचे खेळ, म्हणजे आरपीजी (रोल-प्लेइंग गेम), खेळणाऱ्यांची एकच तक्रार माझ्याकडे सतत येते: "सेव्ह उडाला," म्हणजे खेळ जिथवर आला ते साठवलेली फाइल गेली. कधी नाशिकच्या सिडकोतून, कधी नाशिकरोडहून, कधी गंगापूर रोडला रूम करून राहणाऱ्या पोरांकडून. खेळ निराळे, कॉम्प्युटर निराळे, पण कारणं फिरून फिरून तीच निघतात. आणि बहुतेक वेळा सेव्ह उडालेला नसतोच. तो दुसऱ्याच फोल्डरमध्ये पडलेला असतो, नाहीतर खेळाला दिसत नसतो. खरा घात होतो तो त्यानंतरच्या दहा मिनिटांत, घाबरून भराभर बटणं दाबण्यात.

"गेमच तर आहे, परत सुरू कर" असं घरचे म्हणतात. पण या खेळांत पार्टीतला प्रत्येक जण आपण घडवलेला असतो. चोराला आजोबांचं नाव दिलेलं असतं, पुजारणीला एक मंत्र मिळावा म्हणून अख्खी सुट्टी घातलेली असते. ती पार्टी परत मिळवण्यासाठी थोडा वेळ देणं अगदी रास्त आहे. खालच्या तपासण्या सोप्या आणि फुकटच्या गोष्टींपासून अवघड गोष्टींकडे जातात. क्रम मोडू नका. शेवटच्या पायऱ्या आधी केल्या तर पहिल्या पायऱ्यांत सहज मिळाली असती ती फाइल हातची जाऊ शकते.

लक्षणं

तुमचं दुखणं यातलं नेमकं कोणतं, ते आधी ठरवा. उपाय त्यावर अवलंबून आहे.

- लोडची यादी पूर्ण रिकामी आहे, जणू खेळ आजच टाकला.
- यादी आहे, पण "कंटिन्यू" दाबलं की बऱ्याच मागच्या जागी नेऊन सोडतो.
- सेव्हचं नाव दिसतं, पण लोड करताना खेळ बंद पडतो किंवा फाइल खराब असल्याचं सांगतो.
- सेव्ह करताना काहीच तक्रार येत नाही, पण खेळ बंद करून उघडला की ते सेव्ह नाही.
- सेव्ह लोड होतं, पण पार्टीतला एखादा जण नाही किंवा त्याचं सगळं सामान गेलेलं आहे.
- सेव्ह करताना कॉम्प्युटर बराच वेळ अडकतो, आणि हे वाढत चाललं आहे.

शेवटचं लक्षण असेल तर बाकी काही न करता थेट खालच्या डिस्कच्या भागाकडे जा. तिथे वेळ महत्त्वाचा आहे.

आधी हात आवरा

नवा गेम सुरू करू नका. बऱ्याच खेळांत नवा गेम सुरू होताच ऑटोसेव्ह (खेळ स्वतःहून करतो ते सेव्ह) होतो आणि तो जुन्या ऑटोसेव्हच्या जागी बसतो. खेळ काढून पुन्हा टाकू नका. काही खेळ निघताना सेव्हचं फोल्डरही सोबत नेतात. "क्लाउडमधली प्रत घ्यायची की या कॉम्प्युटरवरची?" असा प्रश्न पडद्यावर आला असेल तर उत्तर न देता ती खिडकी रद्द करा. कोणतंही एक बटण दाबलं की दुसरी प्रत पुसली जाऊ शकते.

मग सेव्हचं फोल्डर, जसं सापडेल तसं, पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. खराब वाटत असलं तरी घ्या. पूर्ण फोल्डर घ्या, त्यातली एक फाइल नको. बाल्डर्स गेटमध्ये एक सेव्ह म्हणजे एक अख्खं फोल्डर असतं: गॅम फाइलमध्ये पार्टी आणि कथेची स्थिती, सॅव्ह फाइलमध्ये तुम्ही पाहून आलेल्या जागा, शिवाय पात्रांच्या चेहऱ्यांची छोटी चित्रं. १९८८ च्या पूल ऑफ रेडियन्समध्ये तर प्रत्येक पात्राची फाइल वेगळी आणि त्याच्या सामानाची वेगळी. लक्षणांच्या यादीतलं "एकाचं सामान गेलं" हे प्रकरण बहुधा इथेच घडलेलं असतं. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर नेताना कुणीतरी निवडक फाइली नेलेल्या असतात. जुन्या कॉम्प्युटरवर ते फोल्डर अजून असेल तर पूर्ण परत आणा, सामान परत येतं.

खेळाने सेव्ह केलं होतं का?

हा प्रश्न विचारला की लोकांना राग येतो, पण याने बरीच प्रकरणं इथेच मिटतात. आजच्या बऱ्याच खेळांत कुठेही, कधीही सेव्ह होतं. जुन्या खेळांचे आणि त्यांच्या वळणावर काढलेल्या नव्या खेळांचे नियम वेगळे आहेत.

१९८६ च्या पहिल्या माइट अँड मॅजिकमध्ये सेव्ह फक्त मुक्कामाच्या सराईमध्ये होतं. गावाबाहेर तीन तास भटकून खेळ बंद केला तर ते तीन तास गेले. यात बिघाड काहीच नाही. १९८५ च्या पहिल्या बार्ड्स टेलमध्ये गिल्डपर्यंत, म्हणजे गावातल्या साहसवीरांच्या संघाच्या घरापर्यंत, चालत परत यावं लागतं, तिथेच पार्टी नोंदली जाते. नव्याने खेळणाऱ्याला हे ठाऊक नसतं, कारण हे छापील पुस्तिकेत लिहिलेलं असायचं आणि आज डाउनलोडसोबत येणारी ती पीडीएफ कुणी उघडत नाही. उघडा. तुमच्या खेळात सेव्ह कुठे होतं, एवढं एक पान वाचलं तरी पुरे.

विझर्ड्रीची गोष्ट आणखी वेगळी. १९८१ चा हा खेळ प्रत्येक पात्राची स्थिती खेळता खेळताच डिस्कवर लिहीत जातो. पार्टी भुयारात असताना मशीन बंद झालं तर गावातल्या खानावळीत गेल्यावर तुमचे सहा जण मिळत नाहीत. लोक समजतात पार्टी गेली. ती गेलेली नसते, नोंदीत ती "बाहेर" असते, म्हणजे भुयारातच अडकलेली. युटिलिटीजच्या यादीत बाहेर राहिलेली पार्टी पुन्हा सुरू करायची सोय आहे. ती वापरली की तुम्ही भुयारातूनच पुढे चालू लागता. पण याची दुसरी बाजूही ध्यानात घ्या: पात्र मेलं तर तेही लगेच डिस्कवर लिहिलं जातं. ते दुरुस्तीचं काम नाही, तो खेळाचा नियम आहे.

फोल्डर शोधा, खेळावर विसंबू नका

खेळ "सेव्ह नाही" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की तो जिथे बघतो तिथे ते नाही. आपण स्वतः बघायचं. लेजंड ऑफ ग्रिमरॉक आणि बाल्डर्स गेटची २०१२ ची एनहान्स्ड आवृत्ती सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये ठेवतात. पिलर्स ऑफ इटर्निटी यूजरच्या फोल्डरमधल्या सेव्हड गेम्समध्ये ठेवतो. डॉसचे (विंडोजच्या आधीच्या व्यवस्थेचे) जुने खेळ स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितात.

डॉक्युमेंट्सच्या बाबतीत एक घोटाळा नेहमीचा आहे. वनड्राइव्हचा बॅकअप चालू केला की डॉक्युमेंट्सची जागाच बदलते. ते वनड्राइव्हच्या फोल्डरच्या आत जातं. बॅकअप बंद केला की डॉक्युमेंट्स पुन्हा जुन्या जागी येतं, पण आतल्या फाइली वनड्राइव्हच्या बाजूलाच राहू शकतात. मग एकाच नावाची दोन फोल्डरं होतात आणि खेळ रिकाम्याकडे बघत बसतो. दोन्ही उघडून बघा. फाइलच्या नावाशेजारी ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल फक्त नेटवर आहे, तुमच्या डिस्कवर नाही. राइट क्लिक करून ती कायम या डिव्हाइसवर ठेवायला सांगा, पूर्ण उतरू द्या, मगच खेळ उघडा.

फोल्डर कुठलं ते माहीत नसेल आणि एखादं सेव्ह अजून लोड होत असेल तर सोपी युक्ती: मोठ्या सेव्हला हात न लावता, रिकाम्या स्लॉटमध्ये (सेव्हच्या यादीतल्या मोकळ्या जागेत) एक नवं सेव्ह करा आणि लगेच फाइल एक्सप्लोररमध्ये आजच्या तारखेला बदललेल्या फाइली शोधा. खेळ आत्ता कुठे लिहितो ते कळतं. रिकामा स्लॉट नसेल तर हे करू नका.

डॉसबॉक्सवाल्यांसाठी

खेळ डॉसबॉक्समधून, म्हणजे डॉसचे खेळ आजच्या कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्राममधून, चालत असेल तर तीन गोष्टी बघा. डॉसबॉक्स चालू असताना तुम्ही बाहेरून सेव्ह आणून टाकलं असेल तर त्याला ते दिसत नाही, कारण फोल्डरची यादी त्याने आधीच वाचून ठेवलेली असते. कंट्रोल आणि एफ ४ एकत्र दाबा, यादी नव्याने वाचली जाते. दुसरं, फाइलची नावं. डॉसला आठ अक्षरांचं नाव आणि तीन अक्षरांची शेपटी एवढंच कळतं. जपून ठेवायला म्हणून तुम्ही सेव्हचं नाव लांबवलं असेल तर परत आणताना मूळ नाव द्यावंच लागेल.

तिसरं जास्त गोंधळाचं. जीओजी या खेळ विकणाऱ्या साइटवरून घेतलेल्या बऱ्याच जुन्या खेळांत सेव्ह खेळाच्या मूळ फोल्डरवर लिहिलंच जात नाही. क्लाउड सेव्हज नावाचं शेजारचं फोल्डर मूळ फोल्डरवर पारदर्शक कागदासारखं अंथरलेलं असतं आणि बदल त्यावर होतात. खेळाला दोन्ही मिळून एकच दिसतं. तुम्ही थेट मूळ फोल्डरमधून, स्वतःचा डॉसबॉक्स वापरून खेळ चालवला की वरचा कागद नसतो आणि सेव्हही नसतं. नेहमीच्या शॉर्टकटने उघडा, सगळं जागेवर असतं.

कॉम्प्युटरची तारीख आणि तो गोल सेल

"कंटिन्यू जुन्या जागी नेतं" या लक्षणामागे इथे मला सगळ्यात जास्त वेळा हे सापडतं, आणि हे कुणाच्या मनातही येत नाही.

आपल्याकडे रात्री झोपताना भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करायची पद्धत आहे. चांगली आहे. पण भिंतीतून वीज येत असते तोवर मदरबोर्डवरचं घड्याळ त्या विजेवर चालतं. बटण बंद झालं की ते एका गोल सेलवर चालतं, बहुतेक डेस्कटॉपमध्ये सीआर २०३२. रोज रात्रभर त्याच्यावर भार, म्हणून तो लवकर संपतो. संपला की सकाळी कॉम्प्युटरची तारीख कुठल्यातरी जुन्या वर्षाच्या १ जानेवारीला जाऊन बसते. नेट जोडलं की थोड्या वेळाने विंडोज तारीख आपोआप सुधारतं, म्हणून तुम्हाला पत्ताही लागत नाही. पण मधल्या वेळात केलेली सेव्ह त्या जुन्या तारखेने लिहिली जातात.

आता खेळ काय करतो? यादी तारखेप्रमाणे लावतो. नवं सेव्ह तळाला जातं आणि "कंटिन्यू" सर्वांत ताज्या तारखेचं, म्हणजे प्रत्यक्षात जुनं, सेव्ह उचलतं. क्लाउडच्या प्रश्नातही तारखा दाखवल्या जातात, आणि त्या बघून माणूस खात्रीने चुकीची प्रत निवडतो.

मखमलाबाद रोडला एका मुलीने दोन दिवस रडून काढले होते. तिच्या यादीत वरची सगळी सेव्ह दिवाळीच्या आसपासची. मी यादी खाली, अगदी तळापर्यंत सरकवली. तिथे एका खाली एक सेव्ह, सगळ्यांवर १ जानेवारी आणि तेच जुनं वर्ष, फक्त वेळ वेगळी. त्यातलं शेवटचं उघडलं तर सहाच्या सहा जण ड्रॅगनच्या दाराशी उभे.

म्हणून यादी नेहमी तळापर्यंत बघा. आणि हे तपासा: नेट बंद करून, रात्रभर बोर्डाचं बटण बंद ठेवून, सकाळी कॉम्प्युटर चालू केल्या केल्या तारीख बघा. चुकली असेल तर सेल बदला. सेल घड्याळाच्या किंवा मोबाइलच्या कोणत्याही दुकानात मिळतो, फार स्वस्त आहे. सुरुवात करताना एरर आली, किंवा ब्राउझर प्रत्येक साइटवर सर्टिफिकेटची तक्रार करू लागला, तर तीही याचीच खूण.

बदलताना: कॉम्प्युटर बंद, वायर भिंतीतून काढलेली, कॅबिनेटच्या लोखंडी भागाला एकदा हात लावून अंगातली स्थिर वीज घालवलेली. सेलशेजारची छोटी पट्टी नखाने बाजूला केली की सेल उचकतो. नवा सेल बसवताना अक्षरं आणि अधिकचं चिन्ह वर. मग चालू करून बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) तारीख घाला. ड्राइव्हला बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी घ्या, कारण बायोसमधले बदल बघून तो ती मागू शकतो. लॅपटॉप असेल तर हे स्वतः करू नका. त्यात हा सेल बऱ्याचदा वायरने जोडलेला आणि खोलवर असतो, आणि वरचं झाकण काढताना कीबोर्डची रिबन तुटते.

ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं होतं का?

२००७ साली विंडोज व्हिस्टा आलं तेव्हापासून साध्या प्रोग्रामना प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायची मुभा नाही. जुन्या खेळांना हे माहीत नसतं, ते तिथेच सेव्ह लिहायला जातात. खेळ अडू नये म्हणून विंडोज ते लिखाण गुपचूप दुसरीकडे वळवतं: यूजरच्या फोल्डरमधल्या ॲपडेटाच्या आत, लोकलमध्ये, व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये. खेळाला वाटतं आपण आपल्याच घरात लिहिलं.

मग एक दिवस खेळ अडखळतो, कुणीतरी सांगतं "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर कर." तसं चालवलं की हे वळवणं बंद होतं, खेळ खऱ्या प्रोग्राम फाइल्समध्ये बघतो, आणि तिथे काहीच नसतं. यादी कोरी. हाच प्रकार उलटाही होतो: नेहमी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून खेळणारा एकदा साधं चालवतो आणि त्याला जुनी सेव्ह दिसतात. १९९८ चा मूळ बाल्डर्स गेट आणि त्या काळचे बहुतेक खेळ यात सापडतात.

आधी नेहमीच्या पद्धतीने चालवून बघा. सेव्ह परत दिसली तर रोग कळला. ॲपडेटा लपलेलं असतं, एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये हिडन आयटम्स चालू केलं की दिसतं. कायमचा उपाय म्हणजे खेळ प्रोग्राम फाइल्समध्ये न ठेवता सी ड्राइव्हवर थेट एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकणं आणि व्हर्च्युअलस्टोअरमधली सेव्ह तिथे आणून ठेवणं. जुना कोणताही खेळ टाकताना मी पहिल्यापासून असंच करतो. नंतरची निम्मी कटकट वाचते.

लिहायला कुणी अडवतंय का?

सेव्ह झाल्यासारखं दाखवतो पण होत नाही, आणि खेळ डॉक्युमेंट्समध्ये लिहिणारा आहे, तर विंडोज सिक्युरिटीमध्ये रॅन्समवेअर प्रोटेक्शन उघडा. कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस चालू असेल तर अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्समध्ये लिहू दिलं जात नाही. ते बंद करू नका, ते कामाचं आहे. परवानगी दिलेल्या प्रोग्रामच्या यादीत फक्त तुमचा खेळ घाला. दुसरा अँटिव्हायरस असेल तर त्याच्या क्वारंटाइनमध्येही एक नजर टाका. मित्राच्या पेनड्राइव्हवरून आलेला, कुलूप तोडलेला खेळ असेल तर मी पुढे मदत करत नाही. त्यात सेव्ह का होत नाही हे शोधण्यापेक्षा सोबत आणखी काय आलं आहे याची काळजी मोठी आहे. हे जुने खेळ सवलतीच्या विक्रीत फार थोड्या पैशांत मिळतात.

यूजरचं नाव देवनागरीत आहे का?

आपल्या लोकांना हे हमखास भोवतं. नवा कॉम्प्युटर सुरू करताना विंडोज नाव विचारतं आणि आपण अभिमानाने मराठीत लिहितो. यूजरचं फोल्डर त्याच नावाने तयार होतं. सेव्हच्या वाटेत ते नाव येतं, आणि जुन्या पद्धतीने लिहिलेल्या खेळाला देवनागरी अक्षरं वाचता येत नाहीत. त्याच्या लेखी तिथे प्रश्नचिन्हांची रांग असते, अशा नावाचं फोल्डर त्याला सापडत नाही, आणि तो एकतर गप्प बसतो किंवा बंद पडतो.

सेटिंगमध्ये जाऊन नाव बदललं तर फक्त पडद्यावरचं नाव बदलतं, फोल्डर तेच राहतं. नेटवर रजिस्ट्रीत हात घालून फोल्डर बदलायचे सल्ले मिळतात. करू नका, अख्खं प्रोफाइल उघडेनासं होतं. रोमन अक्षरांत नाव असलेलं एक दुसरं खातं तयार करा आणि खेळ तिथून चालवा. सेव्ह झालं तर कारण पक्कं. खेळण्यापुरतं ते खातं ठेवा, कामाचं खातं मराठीत खुशाल राहू द्या. सेव्हला नाव देतानाही जुन्या खेळांत रोमन अक्षरंच वापरा.

फाइलचा आकार बघा: वीज गेली होती का?

"नाव दिसतं पण लोड होत नाही" असं असेल तर फाइलवर राइट क्लिक करून आकार बघा. शून्य केबी असेल तर लिहिता लिहिता वीज गेली. कधी आकार बरोबर दिसतो, तरी फाइल लोड होत नाही. याचं कारण असं की वीज गेल्यावर विंडोजची फाइलव्यवस्था फाइलींची नोंदवही सावरून घेते, पण आतला मजकूर डिस्कवर पोचला होता याची हमी देत नाही. नोंद राहते, आत नुसती शून्यं.

अशी फाइल दुरुस्त होत नाही. त्यावर वेळ घालवू नका, मागच्या प्रतीकडे जा. फोल्डरवर राइट क्लिक करून आधीच्या आवृत्त्या बघा. फाइल हिस्टरी किंवा रिस्टोअर पॉइंट चालू असेल तर तिथे मिळू शकते. क्लाउडवर मागची प्रत असेल तर ती घ्या. ऑटोसेव्हचा स्लॉट उघडून बघा. क्विकसेव्ह (एका बटणाने होणारं सेव्ह) प्रत्येक वेळी एकाच फाइलवर लिहितो, म्हणून तो एकटा भरवशाचा नाही. निदान तीन स्लॉट आलटून पालटून वापरा.

नाशिकमध्ये हे वर्षभर चालतं. द्राक्षाच्या हंगामातला अवकाळी, मे महिन्यातलं वळीव, मग पावसाळा. आभाळ भरून आलं आणि दिवा एकदा जरी लुकलुकला, तरी लढाई अर्धी सोडून सेव्ह करत बसू नका. वारं सुटायच्या आधीच सेव्ह करून खेळ बंद करा. यूपीएस असेल तर त्याची परीक्षा घ्या: सगळं बंद करून, नुसता डेस्कटॉप दिसत असताना, यूपीएसची वायर भिंतीतून काढा. कॉम्प्युटर लगेच बंद झाला तर बॅटरी गेली आहे. यूपीएस न बदलता बॅटरी बदलता येते. घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण बघा. बऱ्याच इन्व्हर्टरना यूपीएस आणि इको असे दोन मोड असतात. इको मोडमध्ये वीज गेल्यावर बदल व्हायला जास्त वेळ लागतो. पंख्याला तो जाणवत नाही, पण कॉम्प्युटर तेवढ्यात रिस्टार्ट होतो. बटण यूपीएसवर करा. यात एक रुपयाही जात नाही.

मॉड आणि अपडेट

खेळाच्या मधेच मॉड (खेळात बदल करणाऱ्या, बाहेरच्यांनी बनवलेल्या जोडण्या) टाकले, काढले किंवा त्यांचा क्रम बदलला तर जुनं सेव्ह बिथरतं. बाल्डर्स गेटच्या घराण्यातल्या खेळांत तर नक्कीच. मॉड होते तसे परत ठेवा आणि मग लोड करा. अपडेटनंतर सुरू झालं असेल तर खेळाची आधीची आवृत्ती मिळते का बघा. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात काही खेळांच्या प्रॉपर्टीजमध्ये बीटाच्या यादीत जुन्या आवृत्त्या ठेवलेल्या असतात.

रॅम

वेगवेगळ्या खेळांची सेव्ह अधूनमधून, वीज न जाताही खराब होत असतील, सोबत निळा पडदा किंवा डाउनलोड केलेल्या झिप फाइली न उघडणं असेल, तर रॅमवर संशय घ्या. विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवा, रात्रभर लागला तरी चालेल. चुका दाखवल्या तर डेस्कटॉप बंद करून, वायर काढून, रॅमच्या पट्ट्या बाहेर काढा, सोनेरी दात साध्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, भुगा झटका, परत खटकन बसेपर्यंत दाबा. पावसाळ्यातल्या दमटपणाने दातांवर थर धरतो, तो याने निघतो. पुन्हा चाचणी. तरीही चुका आल्या तर एकेक पट्टी लावून कोणती खराब ते शोधा आणि बदला. चाचणी स्वच्छ येईपर्यंत त्या कॉम्प्युटरवर काहीही सेव्ह करू नका, फक्त खेळच नाही, ऑफिसचं कामही.

डिस्क, आणि इथे थांबायचं

सेव्ह करताना अडकणं, फोल्डर उघडायला मिनिटं लागणं, फाइली कॉपी करताना मधेच एरर, ही डिस्क निकामी होत चालल्याची लक्षणं. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम डिस्कची तब्येत दाखवतो. निळं "गुड" असेल तर बरं. पिवळं "कॉशन" असेल, विशेषतः रीॲलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरच्या ओळीमुळे, तर त्या क्षणापासून कामं एकाच क्रमाने: आधी सेव्ह, मग घरचे फोटो, मग कागदपत्रं, सगळं दुसऱ्या डिस्कवर. चेकडिस्क चालवू नका. ते फाइलव्यवस्था नीट करायला जातं आणि मरत्या डिस्कवर सगळीकडे वाचतं-लिहितं; त्यात उरलेलं जातं. कॉपी हातात आल्यावर काय ते करा.

पुढच्यापैकी काहीही असेल तर तुमचं आणि माझं काम संपलं. कॉम्प्युटर बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे जा:

- हार्ड डिस्कमधून टकटक किंवा घासल्याचा आवाज येतो.
- डिस्क बायोसमध्येच दिसत नाही, किंवा दिसते आणि नाहीशी होते.
- विंडोज म्हणतं की ड्राइव्ह वापरण्यासाठी फॉरमॅट करावा लागेल.
- कॉम्प्युटरवर पाणी पडलं आहे किंवा जळका वास येतो.
- सेव्ह साध्या हार्ड डिस्कवरून पुसलं गेलं आहे आणि त्याच डिस्कवर विंडोज चालू आहे. जितका वेळ चालू, तितकं वर काहीतरी लिहिलं जातं.

एसएसडीवरून पुसलेलं असेल तर आशा कमी धरा. पुसलेल्या जागा एसएसडी काही वेळात खरोखरच मोकळ्या करते, आणि मग रिकव्हरीवालाही काही करू शकत नाही. पैसे भरायच्या आधी त्याला हा प्रश्न सरळ विचारा.

कॉम्प्युटर विकणारा, फॉरमॅट करून विंडोज टाकून देणारा आणि डेटा काढून देणारा, हे तीन वेगळे धंदे आहेत. एमजी रोडला असो की नाशिकरोडला, दुकानात शिरताच पहिलं वाक्य हे बोला: "फॉरमॅट करायचं नाही, आधी डेटा हवा." पावतीवरही तेच लिहून घ्या. तीन गोष्टी विचारा: डेटा निघाला नाही तर पैसे किती, मूळ डिस्कवर काही लिहिणार का (उत्तर "नाही" असंच हवं), आणि डिस्क पुढे मुंबई-पुण्याला पाठवणार का. काढलेला डेटा घ्यायला तुमची स्वतःची दुसरी डिस्क द्या. आणि एका कागदावर खेळाचं नाव, सेव्हच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता, आणि माहीत असतील तर फाइलींची नावं लिहून द्या. रिकव्हरीत फाइली बऱ्याचदा नावाशिवाय, हजारोंच्या ढिगात बाहेर येतात. त्याला तुमच्या खेळाची ओळख नसते. फोटो आणि एक्सेल तो सहज ओळखतो, पण कुठल्यातरी तीन अक्षरी शेपटीची एक छोटी फाइल त्याला कचरा वाटते आणि तो ती तुम्हाला देतच नाही.